मेणाचा उजवा पाय

दुबईच्या खाडीकाठच्या आमच्या वर्कशॉपमधले किस्से वाळूसारखे. कितीही झटका, खिशातून निघतातच. साठच्या दशकातले हे काही, त्यातल्या त्यात पचतील असे.

आमचा साहेब फ्रेंच. नव्या डिझेल इंजिनांच्या ट्रेनिंगला तो तिघांना त्याच्या देशात पाठवणार होता : वसईचा फिटर पास्कू, रत्नागिरीचे ओतारी हसनभाई आणि स्टोअरकीपर मी, गोडबोले. साहेबाच्या गावात आठशे वर्षांचं यात्रेचं चर्च होतं. तिथं दुखरे पाय बरे होतात, असं त्याची आजी सांगायची म्हणे.

पास्कू तिथल्या तिथं नवस बोलला. त्याची आय विहिरीवर घसरून पडली होती. दोन वर्षं उजवा पाय टेकवत नव्हता. "रविवारी चालत चर्चला, मिसाला गेली ना, बस," तो म्हणाला. वांद्र्याच्या जत्रेत मिळतो तसा मेणाचा पाय वाहायचं ठरलं.

मी म्हटलं, "अरे, नवस काम झाल्यावर फेडतात."

"परत कोण फ्रान्सला पाठवणार? ॲडव्हान्स देऊन टाकू."

*

दुबईत मेणाचा पाय कुठला मिळायला? हसनभाई म्हणाले, "इंजिनाचे पार्ट ओततो, पाय काय चीज आहे? यल्ला, चल भटा, पँट वर कर."

माझ्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर थापलं. साचा काढताना नडगीवरचे सगळे केस त्याच्याबरोबर गेले. मी बोंबललो.

"गप रे. केस पण नवसात धरलेत."

*

जुलै महिना. सावलीतसुद्धा मेणाच्या पायाची बोटं वाकायला लागली. म्हणून पाय फडक्यात गुंडाळून मासळीच्या बर्फपेटीत ठेवला. बैरूतला विमान बदलताना कस्टमवाल्याने पेटी उघडली. बर्फात पाय. त्याचा चेहरा पांढराफटक.

"कुणाचा?"

पास्कूला खोटं बोलता येत नाही. "माझ्या आईचा."

अधिकाऱ्याने छातीवर हात ठेवला, पेटी हळूच बंद केली आणि आम्हाला रांगेत सगळ्यांच्या पुढे सोडलं.

*

साहेबाच्या गावातल्या चर्चपाशी पोचलो आणि तिघांच्याही माना वर गेल्या. किल्ल्यासारख्या जाड भिंती, अर्धगोल कमानी, एवढ्याशा खिडक्या. आत माठातल्यासारखा गारवा. आम्ही सवयीने दारात बूट काढले. पाहून परत आलो, तर आमच्या तीन जोडांशेजारी आणखी अकरा जोड. मागून आलेल्या टूरिस्ट लोकांना वाटलं, नियमच आहे!

*

पाय अजून पेटीतच होता. पाद्रीबाबा जेवायला गेले होते. तोवर पुन्हा आत गेलो आणि मी पाहिलं, वेदीच्या मागून गोल रस्ता जातो. माझे पाय आपोआप वळले. माझ्यामागे पास्कू, त्याच्यामागे हसनभाई.

तिसऱ्या फेरीला पाद्रीबाबा समोर. मी इंग्रजीत माफी मागितली.

ते म्हणाले, "माफी कसली? हा रस्ता यात्रेकरूंनी फिरायलाच बांधलाय. आजकाल सगळे अर्ध्यातून फोटो काढून परत जातात."

*

पण पाय पाहून त्यांनी मान हलवली. "असलं आम्ही घेत नाही. इथे मेणबत्त्या लावतात."

पास्कूचे डोळे भरले. एवढ्या लांब आणलेला पाय पुन्हा बर्फात ठेवायचा?

हसनभाई पुढे झाले. मला म्हणाले, "भटा, इंग्लिशमध्ये सांग त्यांना. पोराची आय ख्रिश्चन, पाय बामणाचा, ओतला मुसलमानाने. नको असेल तर वरच्याने नको म्हणावं. तुम्ही मधे का पडता?"

मी जमेल तसं सांगितलं. पाद्रीबाबांनी त्या पायावरचं बर्फाचं पाणी बाहीने पुसलं. मग पाय वर टांगायला स्वतःच शिडी घेऊन आले.

*

दुबईला परतल्यावर पास्कू रोज टपालाची वाट बघायचा. दोन महिन्यांनी वसईचं पत्र आलं. आयने शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. वर्कशॉपमध्ये मशिनं बंद करून मी मोठ्याने वाचलं :

"पास्कू बाळा, गेले तीन रविवार मी चालत मिसाला जाते. पण उजवा पाय आता तरण्या पुरुषासारखा ढांगा टाकतो. डाव्याला त्याच्याबरोबर चालणं जमत नाही, मी गोल फिरते. परवा मिसाला निघाले ती पोस्टात पोचले. डाव्याचंही बघ."

पास्कू हसत होता की रडत होता, कळेना.

हसनभाई उठले, प्लास्टरची गोण ओढली आणि माझ्याकडे वळले.

"भटा, दुसरी बाजू."