जहाजावरची माणसं
डिझेलचा वास आला की मला आमच्या गावाजवळचा शिवऱ्याचा पेट्रोलपंप आठवतो. एका वर्षी ऐन भाताच्या मळणीत तेलाचं जहाज वादळामुळे बंदराबाहेर अडकलं आणि आमच्याकडे डिझेल मिळेना. कापलेलं भात खाचरात पडून, वर आभाळ भरलेलं, मळणीयंत्र बंद. समुद्र कधीच न पाहिलेले वडील मला रोज विचारायचे, “जहाज लागलं का?” शेवटी टँकर आला, तेव्हा रांग सोडून त्यांनी आधी ड्रायव्हरच्या हातात आपली भाकरी ठेवली. “जहाजावरची मानसं बरी हायत न्हवं?” ड्रायव्हर जवळच्याच डेपोतून आलेला, जहाज त्यानंही पाहिलेलं नव्हतं. भाकरी घेत तो म्हणाला, “समदी सुखरूप हायत, बाबा.” भात पावसाआधी घरात आलं, पण वडिलांचा जीव त्याआधीच, तिथं पंपावर, भांड्यात पडला होता. डिझेलच्या त्या वासानं माझा अजूनही पडतो.