तीन बोटांचं माप

मेहुण्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी पाणीपुरी अंगावर सांडून घेतली. ताथवड्यात, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, बायकोच्या सगळ्या माहेरासमोर. शर्ट पांढरा, तोही मेहुण्यानंच आहेरात दिलेला. पुरी तोंडात जाईना म्हणून मी ती जरा दाबली आणि ती फुटली. पुदिन्याचं पाणी कॉलरपासून खिशापर्यंत उतरलं.

"दाजी, पुरी खायची असते, अंगाला लावायची नसते," मेहुणा म्हणाला.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बावीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासतोय. त्यामुळं अशा वेळी जिभेवर येतं तेच आलं. "पुरीचा साइज बाहेर गेलाय. लॉट रिजेक्ट करा." सगळे हसले, पाणीपुरीवालाही हसला. बायको तेवढी हसली नाही. ती माझ्या शर्टाकडं नाही, तोंडाकडं बघत होती.

दिघीला परत येताना ती स्कूटरवर मागून बोलायला लागली.

"तुम्ही हल्ली ठेचा घेत नाही."

"झोंबतो."

"वडापाव चार तुकडे करून खाता."

"वयानुसार सभ्यपणा येतो माणसात."

"मोठी जांभई शेवटची कधी दिलीत?"

भोसरीच्या सिग्नलला मी हेल्मेटच्या आत जांभई द्यायचा प्रयत्न केला. ती निम्म्यात अडकली.

इथं एक सांगून टाकतो. मी तंबाखू खात नाही. हे मी आयुष्यभर छाती पुढं काढून सांगत आलोय. न विचारता सांगत आलोय. खायचो ती फक्त सुपारी. कच्ची, बारीक कातरलेली, गालात चिमूटभर. कंपनीच्या बसमध्ये एकदा, चहावर एकदा, जेवणावर एकदा, शिफ्ट सुटताना एकदा. मधल्या चिमटी मी मोजत नसे. जी वस्तू गणपती म्हणून पाटावर बसते तिच्यात वाईट काय असणार, असा माझा हिशोब होता.

बायकोनं तो मानला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला तोंडाच्या डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. डॉक्टर आमच्या पुतणीच्या वयाच्या.

"तोंड उघडा."

उघडलं.

"अजून."

"एवढंच आहे, मॅडम."

"तुमची तीन बोटं एकावर एक धरून, उभी आत घालून दाखवा."

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. मी हात फिरवून, कोन बदलून पाहिलं. आमच्याकडं भोक तपासायला असाच एक साधा दांडा असतो. तो आत गेला तर पार्ट चांगला, नाही गेला तर बाजूला. वाद नाही, विनंती नाही. बावीस वर्षं मी तो दांडा दुसऱ्यांच्या मालाला लावत आलो होतो.

"सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते. घट्ट होते. झोंबतं म्हणता ना, ते त्यामुळंच," डॉक्टर म्हणाल्या.

"पण तंबाखू नाही, मॅडम. कधीच नाही."

"सुपारी एकटी पुरते."

मग त्यांनी छोटा आरसा आणि दिवा घेतला आणि डाव्या गालाशी बराच वेळ थांबल्या. तपासणारा माणूस एका जागी बराच वेळ थांबला की काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

"इथं पांढरा चट्टा आहे. मला तो आवडला नाही. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू."

"कॅन्सर आहे का?" बायकोनं विचारलं. मला तो शब्द तोंडाबाहेर काढायला तास लागला असता.

"तो नाही ना, हेच बघायचंय. आधीच बघितलेलं बरं."

"एवढ्या चट्ट्यातून एकच तुकडा?" मी म्हणालो. "शेजारचा घेतला तर रिझल्ट वेगळा येईल ना?"

"तुम्ही क्वालिटीत आहात का?" डॉक्टरांनी विचारलं. मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "कंपनीत तोंडाची तपासणी होत नाही?"

"होते की," बायको म्हणाली. "मागच्याच वर्षी झाली. सगळं ओके होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

झालं होतं असं. मागच्या वर्षी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये खरंच शिबिर होतं. मी रांगेतही होतो. पुढच्या माणसाला डॉक्टरांनी झापलेलं ऐकू आलं आणि माझ्या गालात त्या वेळी चिमूट होती. त्याच दिवशी गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं, रांग सोडायला तेवढं निमित्त पुरलं. ऑफिसातला माणूस यादी घेऊन आला, "साहेब, सगळ्यांच्या सह्या पाहिजेत." मी 'तपासणी झाली'च्या रकान्यात सही केली. चालता चालता, भिंतीला कागद लावून. घरी आल्यावर बायकोनं विचारलं तेव्हा ओके म्हणून सांगितलं. न तपासलेला एक बोल्ट मी कधी पुढं सोडलेला नाही. स्वतःला सोडलं.

तुकडा काढायला दहा मिनिटं लागली. रिपोर्टला आठ दिवस.

ते आठ दिवस मला एका जागी बसता आलं नाही. जीभ सारखी डाव्या गालाकडं जायची. बोलताना, जेवताना, देवापुढं हात जोडताना. टाका लागायचा, ती मागं यायची, पुन्हा जायची. टाके जरा निवल्यावर मी कपाटातला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकती पट्टी, काढला आणि आरशापुढं वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजलं. सव्वीस मिलिमीटर. चहानंतर सत्तावीस. संध्याकाळी पुन्हा सव्वीस. कॅलेंडरवर लिहायला लागलो. बायकोनं दूधवाल्याचे खाडे लिहिण्याची जागा मी भरून टाकली.

"तोंड आहे की पार्ट?" ती म्हणाली आणि व्हर्नियर घेऊन गेली. मग मी बोटांनी मोजायला लागलो.

कंपनीत त्याहून वाईट. मला प्रत्येक मालावर चरा दिसायला लागला. शंका असलेल्या मालाला आम्ही पिवळं लेबल लावतो, म्हणजे तो निकाल लागेपर्यंत थांबून राहतो. त्या आठवड्यात माझ्या टेबलामागं पिवळी भिंत उभी राहिली. प्रॉडक्शनचा सुपरवायझर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो खुर्ची ओढून बसलाच.

"राव, सगळंच थांबवलंय. घरी भांडण झालंय काय?"

"बघतो म्हणलं ना."

"बघा की. पण हो का नाही ते सांगा. नुसतं लटकवून ठेवलं की माणूस मरतो हो."

तो मालाबद्दल बोलत होता. मी उठून हात धुवायला गेलो. हात स्वच्छच होते.

मला चट्ट्याची भीती होतीच. पण तिच्या खाली दुसरी होती. रिपोर्ट वाईट आला तर त्या सहीचं एक वर्ष त्यात जमा असणार होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. बायको देवाला म्हणत होती, "मागच्या वर्षी तर चांगलं होतं, वर्षात असं काय झालं?" मी शेजारी हात जोडून उभा.

आठव्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो. नंबर सतरा, आत बारा चालू. मी तीनदा उठून पाणी प्यालो. चौदा नंबर गेल्यावर मी तिला सांगून टाकलं. रांग, ऑडिट, भिंतीला लावलेला कागद, सगळं. चिमटीसकट.

पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. पंधरा झाला. सोळा झाला. ती उठली तेव्हा मला वाटलं ही आता घरी जाते. ती आत गेली, माझ्या आधी.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण पेशी बदलायला लागल्या आहेत. त्या तिकडं वळू शकतात. सुपारी आजपासून बंद, एक कणही नाही. दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं. आणि या लाकडी चपट्या काड्या दातांत धरून व्यायाम. रोज जमेल तशी एक वाढवायची."

"मागच्या वर्षी आलो असतो तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण बायको विचारेल त्याआधी मीच विचारलं.

"तर तिसरं बोट कदाचित गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आता ते पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. पण अजून एक वर्ष उशीर केला असता तर आपण वेगळं बोलत असतो."

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. चहा संपल्यावर माझा हात सवयीनं खिशात गेला. खिशात डॉक्टरांनी दिलेल्या काड्या होत्या. बायकोनं ते बघितलं.

"तुमच्या कंपनीत न तपासता सही केली तर काय करतात?"

"घरी पाठवतात."

तिनं कप खाली ठेवला.

"घरी तर तुम्ही रोज येताच. उद्यापासून सकाळी तोंड मी बघणार. सही मी करणार. आणि मला ओके म्हणायची कसली घाई नाही."