शालवाल्याचा फेरन

सुरतेत थंडी नावापुरतीच पडते. तरी तो शालवाला दर डिसेंबरात पायघोळ लोकरी काश्मिरी फेरन घालून आमच्या उधना भागात घामाघूम हिंडायचा. शाली काश्मीरच्या आहेत असं तो कधीच म्हणाला नाही. ते काम फेरन करायचा.

मी शालीचा काठ उलटून पाहिला. माल आमच्या दिरांच्या कारखान्यातला.

"भैया, ये तो हमारे इधर का है. असली ऊन तुम्हारे अंग पे है. वो दे दो, हमारे इनको रातपाली में होएगा."

तो कपाळ पुसत हसला. "भाभी, ये भी बेच दिया, तो बाकी सब सूरत का ही बचेगा. मैं भी."

मी शाल घेतली. धुळ्याच्या नणंदेला ती 'खास काश्मीरची' म्हणून दिली. तिला शंका नको, म्हणून त्याच्या फेरनचं वर्णनही केलं.