अंड्यावर आलेला आळ

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे. पुण्याहून आलेल्या सुनेने अंडी खाऊ घालून हैदराबादच्या सासऱ्याचं रक्त बिघडवलं, अशी ती गोष्ट. नल्लकुंट्यातल्या माझ्या बहिणीपासून नांदेडच्या साडूंपर्यंत सगळ्यांना ती पाठ आहे. त्यातला सासरा मी. रक्त माझं, आणि ते बिघडलं होतं हेही खरं. बाकी सगळं खोटं. ते खोटं आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेला माणूस घरात एकच होता, आणि तो तोंड मिटून मोडाची मटकी चावत होता.

सुरुवात तापाने झाली. टायफॉइडमधून उठलो तेव्हा पँट कमरेवर राहीना. डॉक्टर म्हणाले, तुमच्या जेवणात भात आणि पातळ वरण सोडून काही दिसत नाही, रोज एक उकडलेलं अंडं घ्या. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईने "औषध म्हणून" असं जोडलं. आमच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. सून अंडी खाणाऱ्या घरातली, पण लग्न होऊन इथे आल्यापासून तिने त्यांचं नाव काढलं नव्हतं. आता डॉक्टरांनीच सांगितल्यावर तिने पुढाकार घेतला आणि सासू-सुनेत तह झाला. अंडं मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, विजेच्या छोट्या शेगडीवर उकडायचं. त्याचं पातेलं, त्याची ताटली, त्याचा चमचा तिथेच राहणार. टरफलं कागदात गुंडाळून परस्पर कचऱ्यात. मी तिथेच स्टुलावर बसून खायचं आणि चूळ भरूनच आत यायचं. गुरुवारी आणि शनिवारी अंड्याला सुट्टी.

खरं सांगायचं तर अंड्याशी माझी ओळख जुनी होती. हिमायतनगरच्या ऑफिसात होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या इराण्याचं ऑम्लेट मला चांगलं माहीत होतं. तरी पहिल्या दिवशी मी असं काही तोंड केलं की बायकोला माझी दया आली आणि सुनेने धीर देत वर मिरपूड भुरभुरवली. पुढे सुनेनेही स्वतःसाठी एक उकडायला सुरुवात केली. आम्ही दोघं बाल्कनीत बसून खायचो. ती ऑफिसातल्या गमती सांगायची. मला ती पंधरा मिनिटं फार आवडायची.

याच सुमारास नातीचा वाढदिवस आला आणि घरात बर्गर आले. बायकोने खोका फिरवून हिरवा ठिपका शोधला, तो सापडल्यावर खोका निर्धास्तपणे देवघराच्या कट्ट्यावर ठेवला आणि स्वतःच्या हाताने पोरांना वाढले. उरलेला एक माझ्या वाट्याला आला. तापानंतर तोंडाला चव नव्हती ती त्या दिवशी परतली. गरम पाव, आत तळलेली बटाट्याची टिक्की, वितळलेलं चीज, बाजूंनी ओघळणारं ते पांढरं मेयोनेज. मला वाटलं, इतकी वर्षं आपल्यापासून हे लपवून ठेवलं होतं की काय.

डॉक्टरांनी संध्याकाळी फिरायला सांगितलं होतंच. कुकटपल्लीत मेट्रोच्या खांबांच्या कडेने चालत गेलं की अशी दुकानं हात जोडून उभी असतात. मी एकाची निवड केली आणि नेमाने जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात फक्त बर्गर. मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, अंकल, कॉम्बो घ्या, फायदा आहे. तळलेले बटाटे आणि कोल्ड्रिंक आले. घरी परतल्यावर बायको कौतुकाने म्हणायची, "किती घाम आलाय हो. बेताने चाला."

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल वर, ट्रायग्लिसराइड त्याहून वर, साखर उंबरठ्यावर. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदल झाला? बायको म्हणाली, अंडं. डॉक्टर म्हणाले, एका अंड्याने एवढं व्हायला नको, बाहेरचं काही खाता का? सून माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. मी मान हलवली. नाही. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि म्हणाले, मग काही दिवस अंडं बंद करून पाहू.

त्याच दुपारी बायकोने फोन हाती घेतला. सुनेविषयी ती वाईट बोलली नाही, उलट "बिचारीने चांगल्यासाठीच केलं" असं प्रत्येकाला सांगितलं, आणि त्यामुळे ते जास्तच वाईट दिसलं. सुनेने बाल्कनीतली भांडी आवरली. स्वतःचं अंडंही सोडलं. घरात काय शिजावं यात ती आधी हक्काने बोलायची, ते बंद झालं. मला रोज सकाळी अंड्याऐवजी मोडाची मटकी आणून द्यायची आणि विचारायची, "बाबा, बरं वाटतंय ना?" त्या प्रश्नाने मी इतका खजील व्हायचो की संध्याकाळी मन थाऱ्यावर आणायला बर्गर लागायचा.

दोन महिने बिनअंड्याचे गेले आणि पुन्हा रिपोर्ट आला. आधीपेक्षा वाईट. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तो सगळ्यांच्या हातून फिरला. बायको म्हणाली, "अंडं अंगात मुरलेलं असतं. निघायला वेळ लागतो." मुलगा हसला. सुनेचा चेहरा मात्र उतरला. ती म्हणाली, "चुकलंच माझं. मी उगाच पुढे झाले."

आता मात्र मला राहवेना. मी म्हणालो, अंड्याचा काही संबंध नाही, मी रोज संध्याकाळी बर्गर खातो.

बायकोने शांतपणे विचारलं, "कसला?"

"बटाट्याचा."

"हिरवा ठिपका असतो?"

"असतो."

"मग त्याने काय होतंय? पाव आणि बटाटा. अंड्याचंच आहे ते."

इतक्या दिवसांनी गुन्हा कबूल करावा आणि समोरच्याने तो दाखलच करून घेऊ नये, असं झालं. मी तसाच चपला घालून गेलो, दुकान उघडेपर्यंत बाहेर उभा राहिलो आणि कॉम्बो घरी घेऊन आलो. बायकोच्या पुढ्यात ठेवला. म्हणालो, तूच बघ.

ती रिपोर्टवर विश्वास ठेवत नाही, बोटांवर ठेवते. तिने पाव बोटांत चुरडला आणि म्हणाली, मैदा, आणि साखर घातली आहे. चीज चाखलं, म्हणाली, खारट. मेयोनेज वासावरून ओळखलं, नुसतं तेल घोटलेलं. शेवटी टिक्की उचलून वर्तमानपत्रावर ठेवली. थोड्या वेळाने ती बाजूला केली तर कागद काचेसारखा झाला होता, मागच्या पानावरची बंगल्याची जाहिरात या पानावरून दिसत होती.

"माझ्या पुऱ्यांखाली असा कागद कधी झाला होता?" ती म्हणाली. मग सुनेकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "अंड्यात काय काय असतं गं?"

सून ऑफिसात बोलतात तशा सपाट आवाजात बोलली. अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं, पाचएक ग्रॅम चरबी, साखर जवळजवळ नाहीच, बी-बारा जीवनसत्त्व आहे. बलकात कोलेस्टेरॉल असतं, ते तिने लपवलं नाही. पण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलने बहुतेकांचं रक्त फार हलत नाही, हलतं ते तळणाने आणि चीजसारख्या चरबीने. बर्गरमध्येही प्रथिनं आहेत, पण त्यांच्यासाठी केवढा मैदा, तेल आणि मीठ गिळावं लागतं. ट्रायग्लिसराइड वर जातं ते जास्त करून मैद्याने आणि साखरेने. मग तिने विचारलं, "सोबत काय घेता, बाबा?"

मी म्हणालो, तळलेले बटाटे. ती थांबली. मी म्हणालो, आणि कोल्ड्रिंक. ती अजून थांबलेलीच होती, म्हणून मी म्हणालो, मोठं.

"तुम्हाला मी आजारी पाडलं म्हणून मला झोप लागत नव्हती," ती म्हणाली आणि उठून खोलीत गेली.

बायको म्हणाली, मी जिथे जिथे सांगितलं तिथे तिथे आता तुम्ही सांगा. खाल्लंत तुम्ही. मी दिवसभर फोन केले. बहिणीला पहिलीच गोष्ट जास्त आवडली होती, तिने विचारलं, "तुला हे बोलायला सुनेनं लावलं का रे?" साडूंनी दुकान कुठे आहे ते विचारून घेतलं.

विहीणबाईंना फोन करायचं धैर्य सोमवारी आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तिला सांगितलंत?" म्हटलं, सांगितलं. "माफी मागितलीत?" म्हटलं, ती राहिली. त्या म्हणाल्या, "भाऊ, मग मला कशाला फोन केलात?"

सून खोलीत लॅपटॉपसमोर बसून काम करत होती. कानात इयरफोनची ती छोटी बोंडकं होती. मी दारात उभा राहिलो आणि ती मला ऐकते आहे असं समजून सगळं बोलून टाकलं. डॉक्टरांसमोर मी खोटं बोललो. तू शेजारी बसली होतीस आणि मी मान हलवली. तुझ्यावर आळ येऊ दिला, कारण मला बर्गर सोडवत नव्हता. मला माफ कर, पोरी.

ती हातवारे करत होती. मला वाटलं, ती म्हणते आहे, राहू द्या. पडद्यावर बरीच माणसं चौकोनांत बसलेली होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. माइक चालू होता. मग एका चौकोनातून एक टक्कल पडलेला गृहस्थ अगदी गंभीरपणे तेलुगूत विचारता झाला, "ए बर्गर, अंकल?" म्हणजे, कुठला बर्गर?

सुनेने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला आधी भीती वाटली, पण ती हसत होती. तिने माइक बंद केला, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा इथे. आता मला यांना पहिल्यापासून सांगावं लागणार."

मी बसलो. माइक पुन्हा चालू करून तिने सांगितलं, मराठीत, इंग्रजीत आणि तेलुगूत, आणि जिथे ती मला वाचवायला बघत होती तिथे मीच तिला अडवलं.