कापायला ठेवलेला शनिवार

हे मी घरात बोललो नाही, दुकानात बोललो नाही, नमाजाला बसल्यावर मनातसुद्धा पुरतं उच्चारलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

घाटंजीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. पोत्यावर चार पातेली मांडून सुरुवात केली होती; आज दोन शटर आहेत. भाव करण्यात मला कोणी हरवत नाही. आणि राग? तो नाकावरच असतो. त्यातला निम्मा जुना आहे. सातवीत वक्तृत्व स्पर्धेला नाव दिलं, तर गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर ते खोडलं. म्हणाले, "तुझी भाषा बाजारातली आहे, स्टेजवरची नाही." ते वाक्य मी अजून सोडलेलं नाही.

म्हणूनच आमच्या गावात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू झाला, तेव्हा पालक समितीचा अध्यक्ष मी हट्टानं झालो. वर्षातले काही शनिवार मुलांना पुस्तकाबाहेरचं काही शिकवायचं. उपक्रम आम्ही सुचवायचे आणि यवतमाळहून येणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी ते मंजूर करायचे, अशी पद्धत.

वर्गावर मुलांना सांभाळायला सुनंदाबाई होती. शेजारच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर राहते. माझ्या रागाला सगळे घाबरतात. ही एकटी हसते. मी एकदा समितीत आरडाओरडा केला, तर शांतपणे म्हणाली, "रफिकभाऊ, कुकरची शिट्टी झाली काय? मंग बोला आता." ज्याच्यावर आपण रागावूच शकत नाही, असं माणूस आयुष्यात एखादंच भेटतं.

तिनं एक उपक्रम सुचवला — पानांची ओळख. पळस, मोह, तेंदू, चारोळी. प्रत्येक पानाचं नाव मराठीत आणि कोलामीत. शिकवणार कोण, तर पोडावरची मुलं. एका संध्याकाळी तिनं करून पाहिलं. वर्षभर तोंड न उघडलेली पोडावरची एक मुलगी उभी राहिली आणि एकेक पान उचलून नावं सांगू लागली. गावातली पोरं ती म्हणताना अडखळत होती, आणि ही हसून त्यांचे उच्चार सुधारत होती. मी दारात उभा होतो. म्हणजे मी ते पाहिलं होतं — हे लक्षात ठेवा.

तरीही?

सौद्यात माझी एक सवय आहे. समोरच्याला कापायला काहीतरी द्यायचं. त्याचं समाधान होतं आणि आपलं हवं ते वाचतं. वर्षाला शनिवार चारच मिळणार हे मला माहीत होतं. मी उपक्रम पाच लिहिले. पाचवा कापण्यासाठी होता. तो सुनंदाबाईचा होता. तिला याची कल्पना नव्हती.

पण मॅडमनी पेन ठेवलं ते माझ्या उपक्रमावर. बाजारफेरी — मुलांना आठवडी बाजारात नेऊन भाव करायला शिकवणं. म्हणाल्या, "बाजार तर ही मुलं नेहमीच बघतात. हे काढू. पानांचं मात्र राहू द्या, फार सुंदर आहे."

माझे कान तापले. पुन्हा बाजारच खोडायचा? मी म्हणालो, "मॅडम, कोलामी परीक्षेत येते काय? पोरायले तिचा उपयोग काय?" त्या घुटमळल्या. दोनदा विचारलं, नक्की ना? मी सौदा सोडणारा माणूस नाही. शेवटी त्यांनी पाचव्यावर रेघ मारली.

मी गुरुजींचंच वाक्य बोललो होतो. बोलताना मला ते कळलंही होतं. थांबलो नाही.

बाहेर पायरीवर सुनंदाबाई पानं ओल्या फडक्यात गुंडाळून बसली होती. तिनं विचारायच्या आधीच मी ओरडायला लागलो — ह्या शहरातल्या लोकायले काय समजते, मी तासभर भांडलो, ऐकतच नाही बाई! तिनं मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "जाऊ द्या न भाऊ, कायले रक्त जाळता? माह्यासाठी कोणी भांडलं, लय झालं."

पुढच्या वर्षी मी तो उपक्रम सगळ्यात वर लिहू शकलो असतो. पण मॅडम त्याच होत्या. सुनंदाबाईसमोर त्या म्हणाल्या असत्या, "अहो, तुम्हीच तर काढायला लावलं होतं," तर? त्या भीतीनं मी तो परत कधी लिहिलाच नाही. ती मुलगी दुसऱ्या वर्षी वर्गाला आली नाही. पानांचा शनिवार असता तर आली असती का? मला माहीत नाही.

बाजारफेरी मात्र दरवर्षी होते. सुनंदाबाईच मुलांना रांगेनं माझ्या दुकानावर आणते आणि कौतुकानं म्हणते, "पाहा पोट्टेहो, कसा भाव करते आमचा भाऊ!"

गेल्या आठवड्यात नव्या वर्षाची यादी पाठवली. चार शनिवार, चार उपक्रम. संध्याकाळी तिनं विचारलं, "याही वर्षी नाहीच म्हनल्या काय मॅडम?"

"नाहीच म्हणाल्या," मी म्हणालो.

"मंग राहू द्या. भांडू नका हो भाऊ तुम्ही, बीपी वाढते तुमचं."

मॅडमना मी विचारलंच नव्हतं.