घाटात बंद केलेली गाडी

दुष्काळ माणसाला काय काय करायला लावतो, हे मी दुसऱ्या कुणाचं सांगत नाही. माझंच सांगतो.

ऊस जागेवर वाळला त्या साली आमच्या साखर कारखान्यात गाड्या दोन अन् ड्रायव्हरही दोनच. पेट्रोलच्या जुन्या जीपवर मी, अन् म्हाताऱ्या मोटारीवर आमचे दाजी, धाकट्या बहिणीचा नवरा. दाजींना गाडी मीच शिकवली. येरमाळ्याच्या घाटात उतार लागला की किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं अन् न्यूट्रलमध्ये गाडी सोडून द्यायची, ही विद्याही माझीच. तेव्हा आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर असं करायचे. थेंब न जाळता कोण कुठवर पोचला, यावर पैजा लागायच्या.

मग मोटार विकून डिझेलची नवी गाडी घ्यायचं ठरलं. जीप लिटरला आठ किलोमीटर देताना धापा टाकायची, अन् ही म्हणे पंधराच्या खाली बोलतच नाही! चेअरमन म्हणाले, "महिनाभर बघू. चांगलं अ‍ॅव्हरेज देईल ती गाडी राहील, तिचा ड्रायव्हर राहील. दुसऱ्यानं घरी बसायचं." नवी गाडी दाजींना दिली. म्हणजे माझा निकाल लागलाच होता की! पेट्रोल पिणाऱ्या जीपवर बसून मी काय दिवे लावणार होतो?

गाडी आणायला सोलापूरला दोघंही गेलो. दाजी हार-नारळ आणायला गेले तेवढ्यात तिथला मेस्त्री मला म्हणाला, "एक ध्यानात ठेवा. हिचा ब्रेक जुन्या गाड्यांसारखा नुसत्या पायावर न्हाय, इंजिनाच्या जोरावर चालतो. उतारावर इंजिन बंद करू नका. एकदा-दोनदा लागंल, मग उभं राहिलात तरी पेडल दबायचं न्हाय."

दाजी आले. बॉनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "काय म्हणत होता मेस्त्री?"

"काय न्हाय. तेलपाणी बघत जा म्हणला."

असं का बोललो? जळत होतो, दुसरं काय! उद्या सांगू, असं मनाला बजावलं. संध्याकाळी बहिणीकडं जेवायला बसलो. टँकरचं पाणी तिनं आधी माझ्या तांब्यात ओतलं अन् विचारलं, "दादा, आता ह्यांची नोकरी पक्की न्हवं?" माझ्याही घरी चार तोंडं होती. त्यांचं काय, हे तिनं विचारलं नाही, याचा मला लई राग आला. त्या रागात पुन्हा गप्प बसलो.

पहिले काही दिवस दाजींच्या फेऱ्या परंडा, बेंबळी अशा सपाट रस्त्यानं झाल्या. नवी गाडी फाटकातून बाहेर पडली की मी हातातलं काम टाकून रस्त्याकडं बघत बसायचो, परत आली की जीव भांड्यात पडायचा. अन् रोज सांगणं आणखी अवघड होत गेलं. इतके दिवस का बोलला नाहीत, असं विचारलं तर? दाजी मात्र खुशीत. "पाव्हणं, घाट मिळू द्या एकदा, मग दाखवतो हिचं अ‍ॅव्हरेज!"

मी हसलो. देवा, मी हसलो.

एका सकाळी त्यांना येरमाळ्याला धाडलं. मी जीपखाली नट आवळत पडलो होतो. "पाव्हणं, येतो!" अशी हाक ऐकू आली. उठलो असतो तर चार पावलांवर फाटक होतं. मी पाना फिरवत राहिलो.

दुपारी निरोप आला.

दवाखान्यात दाजींच्या अंगावर चादर होती अन् गुडघ्याखाली एका बाजूला ती सपाट पडली होती. मला बघून त्यांनी हात पुढं केला.

"पाव्हणं, गाडी दुरुस्त झाली की तुमालाच देत्याल. एक ऐका माझं. उतारावर बंद करू नका. तिचा ब्रेक मरतो. मला कुणी सांगितलंच न्हाय बगा."

बहीण उशाशी उभी होती. "ऐकताय न्हवं, दादा?" ती म्हणाली. "आमची शपथ हाय तुमाला."

मी मान हलवली.