हट्ट्याचा मुलूख आणि आमचा

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आमचा खेळ त्याच्या कितीतरी आधी बदलायचा. 'मुलूख' म्हणायचो आम्ही त्याला. सत्तरच्या दशकात, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातला तालुका होती तेव्हा, आमच्या भागात तो किती गावांत चालायचा ते मला सांगता येणार नाही. कुणी काढला तेही माहीत नाही. मामाच्या गावी सुट्टीला गेलेल्या पोरी तो घेऊन यायच्या आणि घरी आल्या की त्यात आपल्या पदरचा मीठमसाला घालायच्या.

आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडे. कापूस विकला गेला की तो साठवायची खोली रिकामी व्हायची, आणि उन्हाळाभर ती आमची. सारवलेल्या जमिनीवर कोळशानं नदी काढायची, रान काढायचं, कोपऱ्यात किल्ला. प्रत्येकाची एक बी: कुणाची सीताफळाची, कुणाची एरंडीची. ती बी म्हणजे आपण. माझी गुंज होती, आणि गुंज म्हणजे घोड्यावरून गावोगाव फिरणारी वैदीण. घरात मला बैलगाडीतसुद्धा पुढे बसू देत नसत, तो भाग वेगळा.

सगळ्यांच्या वर सांगणारी. ती माझी थोरली बहीण, आक्का. तिला बी नसायची, अख्खा मुलूखच तिचा. "नदीला पूर आलाय. नावाडी म्हनतो, एकालाच नेतो. बोला, काय करता?" मग आपण काय करणार ते सांगायचं आणि चार फुटके चिंचोके टाकायचे. पांढऱ्या बाजू जास्त पडल्या तर म्हटलं तसं झालं. चारही काळ्या पडल्या की बी मेली. मेला तो मेला, हा आमचा कायदा. नवा मुलूख सुरू होईपर्यंत भिंतीला टेकून बसायचं, आणि एकेक मुलूख आठ-आठ दिवस चालायचा.

डोंगरकडा गावाकडे चिंचोके टाकतच नसत. ज्याची युक्ती सगळ्यांना पटेल त्याचं खरं. आमच्याच गावातल्या बौद्ध घरांतल्या पोरी खेळायच्या त्यात भूत नव्हतं, चेटकीण नव्हती आणि राजाही नव्हता. त्यांच्यातल्या एकीचे वडील शाळामास्तर होते. असलं काही नसतं, असं त्यांनी सांगून ठेवलेलं. म्हणून त्यांच्या मुलखात दुष्काळ यायचा, पटकी यायची, आणि सगळ्यांनी मिळून विहीर खणायची. मी एक दुपार तिथे खेळले आणि भुताला भ्यायले नसते इतकी भ्यायले, कारण खरा दुष्काळ आम्ही नुकताच पाहिला होता. आणि हट्टा गावात म्हणे मेलेली बी परत यायची, दुसऱ्या कुणी तिच्यासाठी आपली पाळी सोडली तर. आक्काला हे ऐकूनच राग यायचा. "रडीचा डाव," म्हणायची.

आक्का तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसली होती आणि तिला बघायला लोक येऊ लागले होते. एकांनी चालून दाखव म्हटलं. दुसऱ्यांनी भाकरी थापायला लावली आणि वर ती खाऊन गेले. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," काकू म्हणाली. आक्का नकटी नव्हती. बोलकी होती, आणि आमच्याकडे ते नकटं असण्यापेक्षा वाईट.

तिसरं स्थळ हट्ट्याचं आलं. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. खोली गार म्हणून त्यांना तिथेच बसवलं. आमच्या कोळशाच्या नदीवर सतरंजी टाकली. चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चहा आला. नाव काय, शिक्षण किती, पुरणपोळी येते का. आक्का पाटावर मान खाली घालून व्हय-न्हाई करत होती. माझ्या हातात ट्रे होता, म्हणून मला तिथे उभं राहायची सोय होती.

मुलाचं लक्ष कोनाड्याकडे गेलं. तिथे चिंचोके पडलेले. त्यानं ते उचलले, तळहातावर खुळखुळवले आणि सरळ आक्काला विचारलं, "तुमच्यात मेलेली बी परत येती का?"

आक्कानं मान वर केली. "न्हाई. मेला तो मेला."

"आमच्याकडं येती."

"ठाऊक हाय. परत यायचंच म्हनल्यावर नदीत उतरायला भ्याव काय राह्यलं? मग खेळायचं तरी काहून?"

"अन् पहिल्याच फेकीला मेलेल्या लेकरानं काय करायचं? आठ दिवस भिताडाला टेकून बसायचं?"

आक्का म्हणाली, "बघायचं. बघनाऱ्यालाबी खेळ असतो."

"तुमी कधी बसल्या का तशा? तुमी तर सांगनाऱ्या असाल."

"तुमाला कसं कळलं?"

"मीबी सांगनाराच हाय," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. आक्कापण हसली, दात दिसतील इतकी. मग ती सरसावून पाटाच्या कडेला आली, तो सतरंजीवर पुढे सरकला, आणि दोघांची पाळी सोडण्याच्या कायद्यावर अशी काही जुंपली की खोलीत आणखी माणसं आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. आत्याबाईंनी कप खाली ठेवला. काका खाकरले. माझे वडील सतरंजीच्या कडेचे धागे ओढत बसले.

पाहुणे गेल्यावर आक्का माझे केस विंचरत होती. दर वेळी ओढून डोळ्यांत पाणी आणायची, त्या दिवशी हात हलका होता. "हाच पायजे मला," ती म्हणाली. "दुसरं कोनी नको." इतकं उघड बोललेलं मला ऐकूनच लाज वाटली. तिला वाटली नाही.

बाजाराच्या दिवशी निरोप आला. मुलगी देखणी आहे, पण तोंडाळ आहे. बघायला आलेल्या मुलाला चारचौघांत उलटून बोलते, ती सासूचा मान काय ठेवेल? वडील काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "बरं झालं. दुसऱ्याच्या कोनाड्यातले चिंचोके घेऊन पोरीसंगं भांडनारा मानूस, त्यो काय संसार करून राह्यला?" म्हणजे दोन्हीकडच्या मोठ्यांनी तेच ऐकलं, आणि दोन्हीकडे तेच खटकलं. लग्न जुळवताना कधी न होणारं एकमत मोडताना झालं. त्या दोघांना कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आक्कानं वडिलांना एकदा म्हणून पाहिलं, "भांडन नव्हतं ते, बाबा." वडील म्हणाले, "आता झालं ते झालं, लेकरा." मला त्यांचा राग अजून येतो. ते गेले, तरी येतो.

पुढल्या वर्षी तिला डोंगरकड्याकडे दिली. भावजी फार सरळ माणूस. शेती बरी, व्यसन नाही, चढा आवाज नाही. आक्काला तिथे कशाची तकलीफ झाली नाही, आणि माहेरी येऊन रडावं असं कारण तिच्या हाती कधी लागलं नाही. तिनं मुलूख पुन्हा मांडला नाही. मी मांडून पाहिला. माझ्या मुलखात सगळे जांभया द्यायचे.

परवा मी तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. भावजींनी आतून चहा करून आणला. आक्का म्हणाली, "साखर जास्त झाली." ते म्हणाले, "बरं." ती म्हणाली, "न्हाई, बराबर हाय की." ते म्हणाले, "बरं," आणि कप ठेवून बाहेर गेले.

आक्का त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. "लई चांगला मानूस हाय गं," ती म्हणाली. शेंगा तिच्या मांडीवर तशाच. "पन त्या दिवसानंतर माझ्यासंगं कोनी भांडलंच न्हाई."